‘चालेल ना मॅडम?’ असं कोणी विचारलं की

ताई, नमस्कार.

मी ४६ वर्षांची. ठाण्यात पाचपाखाडीला राहते, शाळेत शिकवते. वर्षभरापासून डावा खांदा आखडलाय, डॉक्टर फ्रोझन शोल्डर म्हणाले. वाढदिवसाला शाळेतल्या मैत्रिणींनी वर्गणी काढून मला स्पाचं व्हाउचर दिलं, घोडबंदर रोडवरच्या एका ठिकाणचं, दोन वेळचं. अशा ठिकाणी मी आयुष्यात पहिल्यांदाच गेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ‘मॅडम, आत्ता मेल थेरपिस्टच फ्री आहे, चालेल ना?’ मागे आणखी दोघी उभ्या होत्या. मी म्हटलं, ‘चालेल.’ खरं तर मला चालणार नव्हतं. तो मुलगा सभ्य होता, त्याने काही वावगं केलं नाही, हे मुद्दाम लिहिते. पण तासभर मी लाकडासारखी पडून होते. हातात कागदी अंतर्वस्त्र दिलं होतं, ते घालायचं की आपलंच ठेवायचं हेही मला विचारता आलं नाही. खांद्याचं सांगितलं नव्हतं. त्याने हात वर ओढला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, तरी ‘प्रेशर ठीक है?’ला मी ‘हो’च म्हटलं. डोक्याला तेल नको होतं, तेही घातलं गेलं. घरी येऊन बाथरूममध्ये रडले. मिस्टर म्हणाले, ‘मग तिथेच बोलायचं होतंस ना.’ दुसरी वेळ अजून शिल्लक आहे, महिनाअखेरपर्यंत. मुलगी म्हणते, आई जा, पण या वेळी नीट सांगून जा. पण काय सांगू, कोणाला सांगू? नखरे केल्यासारखं नाही का वाटणार? की माझ्या वयाच्या बाईने असल्या ठिकाणी जाऊच नये?

– अबोल, पाचपाखाडी

प्रिय अबोल,

तुमचं पत्र वाचताना मी एका अक्षराशी अडले. ‘चालेल ना?’ मधला तो ‘ना’. त्या मुलीने ‘चालेल का?’ विचारलं असतं, तर तुम्हाला क्षणभर तरी विचार करायला जागा मिळाली असती. ‘ना’ लावून विचारलेल्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं, आपण नुसती मान हलवायची. त्यात मागे दोघी उभ्या, पैसे मैत्रिणींनी भरलेले, जागा अनोळखी, आणि तो मुलगाही बहुधा तिथेच चार पावलांवर. त्याच्यादेखत ‘मला पुरुष नको’ म्हणणं म्हणजे त्याचा अपमान, असंही मनात आलं असेल. अशा वेळी ‘चालेल’ आपोआप तोंडातून निघून जातं. तुमचं यात काही चुकलं नाही. थेरपिस्ट बाई हवी की पुरुष, हे त्यांनी बुकिंग घेतानाच विचारायला हवं होतं. तुम्ही चपला काढून आत येऊन उभ्या राहिल्यावर विचारायची ही गोष्टच नाही.

मिस्टरांचं म्हणणं प्रेमापोटीच असेल, पण त्यांना एवढं नक्की सांगा की अंगावर नुसता टॉवेल घेऊन, पालथं पडून, तोंड त्या टेबलाच्या भोकात असताना बोलणं हे सोफ्यावर बसून बोलण्याइतकं सोपं नसतं. म्हणून तर जे सांगायचं ते कपडे अंगावर असताना, शक्य तर घरून निघण्याच्याही आधी सांगून ठेवायचं. तुम्ही मला विचारलेल्या सगळ्याचं माझं उत्तर मुळात एवढंच आहे. पुढचं सगळं ते कसं करायचं याबद्दल आहे.

आधी वयाचं बघू. तुमच्या वयाच्या बाईने अंगाला तेल लावून घेऊ नये, असं आपल्याकडे कधी कोणी म्हटलंय? नरक चतुर्दशीला पहाटे घरादाराला पाटावर बसवून तेल चोळणारी माणसं आपण. माझ्या बाळंतपणात कोपरीच्या घरी मालिशवाल्या मावशी यायच्या. त्यांची एक गोष्ट मला अजून जशीच्या तशी दिसते. कोमट तेलाची वाटी घेऊन बसल्या, बोट बुडवून थेंब आधी स्वतःच्या मनगटावर घेतला, मग माझ्या पोटरीला टेकवला. ‘एवढं गरम सोसतंय का?’ मी हो म्हटल्यावर दुसरा प्रश्न, टाके कुठवर आहेत. मग तिसरा, पोटाला आज हात लावू की चार दिवस जाऊ देत. हे तीन प्रश्न झाल्याशिवाय त्यांनी तेलाचा हात माझ्या अंगाला लावला नाही. आई दाराशी बसून मधूनच सांगायची, ‘मावशी, कंबरेला जरा हलक्या हाताने.’ मावशींना त्याचा राग नाही आला, उलट त्या हात थांबवून विचारायच्या, ‘इथे का? की जरा वर?’ त्या घरात कोणालाच हे नखरे वाटले नाहीत. मालिश अशीच विचारत, सांगत होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्पामध्ये एसी आला, अगरबत्तीच्या जागी डिफ्यूझर आला, मंद संगीत आलं, आणि या गडबडीत ते विचारणं आणि सांगणं मागे पडलं.

आता नखऱ्यांचं. तुम्ही ब्लाउज शिवायला टाकता तेव्हा काय काय सांगता, आठवून बघा. गळा पुढून किती, मागून किती, बाही कोपरापर्यंत की वर, हुक पुढे की मागे, काखेत जरा सैल ठेवा, मागच्या वेळी घट्ट झालं होतं. दुकानात चार माणसं असली तरी आपण हे मोकळेपणी सांगतो, कारण ते माप आहे. माप न देता आलेला ब्लाउज अंगाला बसला नाही, तर आपण शिंप्याला तरी काय बोलणार? थेरपिस्ट बाई हवी, खांदा ओढायचा नाही, डोक्याला तेल नको, पोटाला हात नको, हेही मापच आहे. आपल्यात म्हणतात ना, भीड भिकेची बहीण. माप देताना भीड धरली की मिळेल ते घेऊन घरी यावं लागतं. तुमचं तेच झालं.

तेव्हा जा. दुसरी वेळ फुकट घालवू नका. पण त्याआधी फोन करा. शनिवार-रविवारी काउंटरवर गर्दी असते, म्हणून मधल्या वारी दुपारी, शाळा सुटल्यावर शांतपणे करा. पहिलंच वाक्य हे असू द्या: ‘माझ्याकडे व्हाउचर आहे, दुसरी अपॉइंटमेंट घ्यायची आहे. मला लेडी थेरपिस्टच हवी. ज्या वेळेला लेडी थेरपिस्ट नक्की असेल, तीच वेळ द्या.’ या वाक्यात ‘चालेल’ कुठेच नाही, ‘हवी’ आहे. आणि ‘शक्यतो’ हा शब्द कटाक्षाने गाळा. ‘शक्यतो लेडी असेल तर बरं’ याचा काउंटरवर अर्थ होतो, नसली तरी हरकत नाही. ‘जमलं तर’, ‘तसं काही नाही पण’, ‘जरा’ ही सगळी त्याच कुळातली. आपल्या बोलण्यात हे शब्द सौजन्य म्हणून येतात, ऐकणाऱ्याला ती सूट वाटते.

समोरून कदाचित येईल, ‘मॅडम, आमचे मेल थेरपिस्ट पण खूप प्रोफेशनल आहेत.’ म्हणा, ‘असतीलच. मला लेडीच हवी.’ बस. कारण द्यायच्या भानगडीत पडू नका, कारण दिलं की समोरचा त्यावर तोडगा सुचवतो. आणि ‘मिस्टरांना आवडत नाही’ हे तर मुळीच म्हणू नका. माझ्या ओळखीच्या किती तरी बायका हे सर्रास सांगतात. काम भागतं, पण आपलं स्वतःचं ‘नको’ नवऱ्याच्या खांद्यावर ठेवल्यासारखं होतं. नको तुम्हाला आहे, तर ते तुमच्याच नावावर राहू द्या.

फोन झाला की त्याच नंबरवर व्हॉट्सॲप करा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण फोन घेणारी मुलगी आणि तुम्ही जाल तेव्हा काउंटरवर असलेली मुलगी एकच असेल याची खात्री नाही. शिफ्ट बदलते, वहीत नुसतं ‘११ वाजता, ६० मिनिटं’ एवढंच उतरतं. तुमच्यासाठी मजकूर मीच लिहून देते:

‘फोनवर बोलल्याप्रमाणे: शनिवार सकाळी ११, ६० मिनिटं, व्हाउचरवर. लेडी थेरपिस्ट. डावा खांदा फ्रोझन आहे, तो हात वर, मागे किंवा बाजूला ओढायचा नाही. डोक्याला तेल नको. पोट आणि छाती नको. प्रेशर हलकं. कृपया कन्फर्म करा.’

‘कन्फर्म्ड’ असं उत्तर आलं की तो मेसेज त्या दिवशी काउंटरवर नुसता दाखवायचा. मागे दोघी नाही, दहा जणी उभ्या असल्या तरी तोंडाने काही म्हणावं लागत नाही. ॲपवरून बुकिंग करत असाल तर त्यातही बहुधा सूचना लिहायला एक चौकोन असतो. तिथे हेच लिहा, पण तेवढ्यावर विसंबू नका, मेसेज कराच.

फोनवरच आणखी दोन-तीन गोष्टी विचारून घ्या. ६० मिनिटांत कपडे बदलणं आणि आंघोळ धरली आहे का? तेल कोणतं आहे? बदामाच्या किंवा तिळाच्या तेलाची ॲलर्जी असलेल्यांनी तर हे विचारलंच पाहिजे. व्हाउचर त्याच मसाजसाठी आहे की त्या किमतीत दुसरं काही घेता येईल? हा शेवटचा प्रश्न तुमच्यासाठी खास आहे. सांगते का ते.

‘मसाज’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळे प्रकार येतात, आणि प्रत्येकात अंगावरच्या कपड्यांचा हिशोब वेगळा. तेलाच्या मसाजला, मग तो स्वीडिश असो, बालीनीज असो की डीप टिश्यू (म्हणजे जोर लावून खोलवर दाबायचा), कपडे उतरवावे लागतात, पण किती, हे तुम्ही ठरवता. ते कागदी अंतर्वस्त्र तुमच्या चांगल्या कपड्यांना तेल लागू नये म्हणून दिलेलं असतं. घातलंच पाहिजे असा नियम नाही. जुनं, तेल लागलं तरी हळहळ वाटणार नाही असं स्वतःचं घालून खुशाल जा. तुम्ही कपडे बदलून चादरीखाली झोपेपर्यंत थेरपिस्टने खोलीबाहेर थांबायचं असतं आणि दार वाजवून आत यायचं असतं. ज्या भागावर हात चालू आहे तेवढाच उघडा, बाकी सगळं झाकलेलं. कूस बदलायची वेळ आली की थेरपिस्ट चादर दोन्ही हातांनी आडोशासारखी वर धरते आणि मान फिरवते. चांगलं काम शिकलेली मुलगी हे न सांगता करते. तसं झालं नाही, तर ‘टॉवेल ठीक से डालो’ म्हणण्यात काही कमीपणा नाही.

थाई मसाजला कपडे उतरवावेच लागत नाहीत. तिथे सैल सुती कपडे देतात, जमिनीवरच्या गादीवर झोपवतात, तेल नसतं. संकोच वाटणाऱ्या बायकांना मी एरवी हाच प्रकार सुचवते. पण तुम्हाला नाही. त्यात हातपाय ताणणं, वळवणं, ओढणं हाच मुख्य भाग असतो आणि तुमच्या खांद्याला नेमकं तेच नको. फूट मसाज आरामखुर्चीत बसून होतो, सलवार गुडघ्यापर्यंत वर केली की झालं. केरळी आयुर्वेदिक केंद्रांत सहसा बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष अशी रीत असते, त्यामुळे तो प्रश्न तिथे बहुधा सुटलेला असतो. मात्र अभ्यंगाला कपडे अगदी कमी आणि तेल भरपूर, शिवाय अंग सतत झाकलेलं राहीलच असं नाही. जाणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावं.

माझं ऐकाल तर व्हाउचरवर अर्धा वेळ पाय आणि अर्धा वेळ पाठ-मान मागा. खांदा त्यात घालू नका. फ्रोझन शोल्डरमध्ये सांध्याभोवतालचं आवरण जाड आणि घट्ट झालेलं असतं. वरून स्नायू चोळून ते मोकळं होत नाही. त्याला वेळ लागतो, एक ते तीन वर्षंसुद्धा, आणि फिजिओथेरपिस्टने नेमून दिलेला व्यायाम रोज करावा लागतो. स्पामध्ये तुम्ही ‘खांदा दुखतो’ म्हटलंत की हमखास सुचवलं जाईल, ‘मग मॅडम डीप टिश्यू घ्या, गाठ मोकळी होईल.’ वरचे पैसे भरायची तयारी असली तरी घेऊ नका. हं, एक गोष्ट खरी आहे की दुखरा खांदा सांभाळता सांभाळता मान आणि पाठ आखडून जाते. तिथे हलक्या हाताने चोळलं तर बरं वाटतं. तुमच्या फिजिओथेरपिस्टना एकदा विचारून जा. आणि तुम्हाला मधुमेह असेल तर (ही दोन दुखणी बऱ्याचदा हातात हात घालून येतात) पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. अशा वेळी गरम दगडांचा मसाज टाळा आणि पाय बुडवायच्या पाण्यात आधी कोपर बुडवून पाहा, कारण पायाला चटका लागलेला कळत नाही.

प्रकृतीचं हे सांगणं बायका सगळ्यात जास्त टाळतात. तिथे एक छापील फॉर्म देतात, आपण तो बँकेच्या फॉर्मसारखा न वाचता खाली सही ठोकून परत करतो. तोच फॉर्म वाचायचा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जोराच्या मसाजने अंगावर काळेनिळे डाग उठतात. व्हेरिकोज व्हेन्स, म्हणजे पायांवरच्या फुगलेल्या शिरा असतील तर त्या जागी दाब नको. दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये, आणि जाल तिथे ते सांगितलंच पाहिजे. ताप, अंगावर पुरळ, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर तारीख पुढे ढकलावी. आणि एकाच पायाची पोटरी सुजली असेल, लाल झाली असेल, गरम लागत असेल आणि दुखत असेल, तर ती कोणाकडूनही चोळून घ्यायची नाही, आईकडूनसुद्धा नाही. सरळ डॉक्टरांकडे जायचं. शिरेत रक्ताची गुठळी असली तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

आता खोलीतलं. समजा सगळं सांगून गेलात, बाई आली, चादर आली, तरी मधेच काही तरी नकोसं वाटलं तर? आधी ‘हो’ म्हटलेलं मधेच बदलता येतं. पंधरा मिनिटं जोर बरा वाटला आणि सोळाव्या मिनिटाला नकोसा झाला, तर तसं सांगायचं. पूर्ण वाक्य जुळवत बसू नका, कारण वाक्य जुळेपर्यंत हात पुढे सरकलेला असतो. दोन-दोन शब्द पुरतात. ठाणे-नवी मुंबईच्या स्पांमध्ये काम करणाऱ्या बऱ्याच मुली मिझोराम, नागालँड, मणिपूर अशा ईशान्येकडच्या राज्यांतून आलेल्या असतात, मराठी सगळ्यांना येत नाही, म्हणून हिंदीतले घरून घेऊन जा. ‘प्रेशर कम.’ ‘यहाँ नहीं.’ ‘हाथ मत खींचो.’ ‘रुको.’ हे मोठ्याने म्हणून पाहा, एकदा तरी, ओट्याशी उभं राहून. वर्गात तुमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात असेल. तोच आवाज आहे, फक्त या वेळी स्वतःसाठी वापरायचा आहे, म्हणून तो सुरुवातीला अनोळखी वाटेल.

थेरपिस्टला वाईट वाटेल, हा विचार मनातून काढून टाका. माझ्या ओळखीची एक मुलगी वाशीच्या स्पामध्ये काम करते, ऐरोलीला तिघी मैत्रिणींसोबत राहते. तिने मला सांगितलं होतं की तिला गप्प पडून राहणाऱ्या बायकांची सगळ्यात जास्त काळजी वाटते. हाताखाली पाठ कडक झालेली कळते, श्वास रोखलेला कळतो, पायाची बोटं आवळलेली दिसतात. पण हे थंडीने आहे, दुखतंय म्हणून आहे की लाजेने, हे हाताला कळत नाही. ती ‘ठीक है?’ विचारते, उत्तर ‘हां हां’ येतं, आणि मग दुसऱ्या दिवशी मॅनेजरकडे तक्रार येते. ‘जरा हलकं’ म्हणणारी बाई तिला आवडते, कारण तिचं काम नीट होतं. तुमच्या त्या मुलालाही ‘हात दुखतोय’ एवढं कळलं असतं, तर त्याने हात खाली ठेवला असता, तुम्हीच लिहिलंय की तो सभ्य होता.

त्या वाशीच्या मुलीने आणखी एक सांगितलं, ते मला विसरता येत नाही. स्पाचा फोन उचलला की कित्येकदा पलीकडून एखादा पुरुष भलतंसलतं विचारतो. म्हणून काउंटरवरच्या मुली फोनवर कोरड्या बोलतात. तुम्ही फोन कराल तेव्हा तिचा सूर तुटक लागला तर तो तुमच्यामुळे नाही, हे लक्षात असू द्या. अंगाला हात लावून घेणाऱ्याची जशी मर्यादा असते, तशी हात लावणाऱ्या मुलीचीही असते. तिला तिचं लग्न, पगार, गाव याबद्दल खोदून विचारायचं नाही, तिने ‘हे मी करत नाही’ म्हटलं तर तो शेवटचा शब्द मानायचा. गप्पा तुम्हाला नको असतील तर ‘आज मैं चुप रहूँगी’ म्हणा, तिलाही हायसं वाटेल.

आता जे तुमच्या बाबतीत झालं नाही, पण हे पत्र वाचणाऱ्या कोणाच्या तरी बाबतीत झालं असेल, त्याबद्दल. अवघडलेपण वेगळं आणि गैरवर्तन वेगळं. ‘इथे नको’ म्हटल्यावरही हात तिथेच परत आला, चादर मुद्दाम सरकवली, लैंगिक काही बोललं किंवा सुचवलं, खोलीत मोबाइल किंवा कॅमेरा रोखलेला दिसला, तर तो गुन्हा आहे. तिथे सौजन्य संपलं. उठायचं, चादर गुंडाळायची, ‘बाहर जाओ’ म्हणायचं, कपडे घालायचे, निघायचं. पैशांचा वाद तेव्हा घालत बसायचा नाही. ११२ वर फोन करता येतो, महिलांसाठी १८१ आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत विनयभंगासाठी कलम ७४, लैंगिक छळासाठी ७५ आणि चोरून पाहणं किंवा चित्रण करणं यासाठी ७७ आहे. शिवाय कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त तिथे नोकरी करणाऱ्या बाईसाठीच आहे, असा बऱ्याच जणींचा समज असतो. त्यात तक्रार करणारी बाई तिथे नोकरीला असो वा नसो, असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे गिऱ्हाईक म्हणून गेलेली बाईही तीन महिन्यांच्या आत तक्रार करू शकते, आणि दहापेक्षा कमी माणसं काम करत असतील अशा छोट्या जागेबद्दल जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घरी आल्यावर वेळ, तारीख, काय झालं, कोण काय म्हणालं हे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि बुकिंगचे मेसेज पुसू नका.

तुमच्या पहिल्या वेळेबद्दल तुम्हाला वाटलं तर त्या जागेच्या मॅनेजरला दोन ओळी जरूर कळवा. त्या मुलाविरुद्ध तक्रार म्हणून नाही, तर ‘आल्यावर काउंटरवर विचारू नका, बुकिंगलाच विचारा’ एवढ्यासाठी. तुमच्यानंतर येणाऱ्या कोणाला तरी त्याचा उपयोग होईल. आणि मसाज झाल्यावर कोणी मेंबरशिपचं पुस्तक पुढे सरकवलं तर ‘आज नको’ म्हणून उठा. तेल लागलेल्या अंगाने, अर्धवट झोपेत कसल्याही कागदावर सही करायची नसते. टीप सक्तीची नाही. काम आवडलं तर त्या मुलीच्याच हातात द्या.

शनिवारी निघाल तेव्हा वेळ हाताशी ठेवून निघा. घोडबंदर रोडचा ट्रॅफिक तुम्हाला मी काय सांगू, कापूरबावडीला अडकलात की धावतपळत पोचाल, तुमच्या तासातली मिनिटं कापली जातील, आणि घाईत असलेल्या माणसाच्या तोंडातून पुन्हा ‘चालेल’ निघून जाईल. पंधरा मिनिटं आधी पोचा. पाणी प्या. काउंटरवर मेसेज दाखवा, थेरपिस्टचं नाव विचारा आणि कपडे बदलायच्या आधी, उभ्या उभ्याच, तिला स्वतः एकदा सांगा: ‘ये वाला कंधा, हाथ ऊपर नहीं जाता.’ शब्दांसोबत हात जेवढा जातो तेवढा वर करून दाखवा. तिने ते पाहिलं की पुढचं सोपं होईल. त्या क्षणीही त्यांनी थेरपिस्ट बदलला, ‘लेडी आज आलीच नाही’ म्हणाले, तर व्हाउचर परत घ्या, मुदत वाढवून लिहून मागा आणि घरी या. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

मुलीला सोबत नेणार असाल तर न्या. बाहेर बसेल, तुम्हाला धीर राहील. आणि पालथं झोपायच्या आधी डाव्या हाताखाली एक उशी मागून घ्या. टेबलाच्या पुढे हात ठेवायची जी पट्टी असते, तिथवर तुमचा हात जाणार नाही. तो अंगालगत, उशीवर ठेवा. पालथं झोपवतच नसेल, तर उजव्या कुशीवर वळा आणि तीच उशी पोटाशी घेऊन डावा हात तिच्यावर टाका. पाठ तशीही चोळता येते.